नावाचे खरेदीखत

आपल्याकडील जुन्या खरेदीखतांत मिळकतीचे वर्णन करताना प्रथम तिच्या चतुःसीमा सांगतात, आणि मग त्या चतुःसीमांच्या आतील जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधी आणि निक्षेप यांसह ती खरेदीदाराच्या कब्जात दिली, असे लिहितात. ही शब्दावली लिहिणाऱ्या कारकुनाला मुखोद्गत असते आणि ऐकणाऱ्या पक्षकाराला बहुधा कंटाळवाणी वाटते; परंतु देणाऱ्याने नेमके काय दिले आणि घेणाऱ्याने नेमके काय घेतले, याविषयी पुढील पिढ्यांत कलह माजू नये म्हणून पूर्वजांनी किती खोल विचार केला होता, हे दिवाणी न्यायालयात आयुष्य काढलेल्या माणसाला पक्के ठाऊक असते. या शब्दावलीची आठवण मला अलीकडे अगदी अनपेक्षित ठिकाणी झाली. ते ठिकाण म्हणजे पुण्यात माझ्या पुतणीच्या घरचे जेवणाचे टेबल, आणि ज्या मिळकतीविषयी प्रश्न निघाला ती मिळकत म्हणजे अमेरिकेत जन्मलेला एक खेळ.

खेळाचे नाव 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. डंजन म्हणजे किल्ल्याच्या पोटातील अंधारकोठडी, आणि ड्रॅगन म्हणजे युरोपीय कथांतील आग ओकणारा पंखधारी सर्प. पावसाळ्यातील एका रविवारी तो मी प्रथम जवळून पाहिला. टेबलावर पट नव्हता की सोंगट्या नव्हत्या. चौघांपुढे पेन्सिलीने लिहिलेला एकेक कागद होता, मध्यभागी कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानातून छापून आणलेले, स्पायरल बांधणीचे एक जाड बाड होते, आणि पाचव्या मुलाने पुठ्ठ्याचा आडोसा उभा करून त्यामागे आपली वही झाकून ठेवली होती. हा पाचवा म्हणजे या खेळातला 'डंजन मास्टर'. आपल्या नाट्यपरंपरेच्या भाषेत सूत्रधार. त्याने सांगितले की तुम्ही एका पडक्या बुरुजाच्या दाराशी उभे आहात, फटीतून दिव्याचा उजेड दिसतो आहे, आणि आत कोणीतरी दबक्या आवाजात रडते आहे. आता काय करता? एकाने दार फोडावे असे सुचविले. पुतणी म्हणाली, "मी दार नाही फोडत. मी हळूच हाक मारते." सूत्रधाराने तिला फासा टाकायला सांगितले. वीस बाजूंचा तो फासा घरंगळत पोह्यांच्या बशीला टेकून थांबला. दान पडले सतरा. "रडणं थांबतं," सूत्रधार म्हणाला, "आणि आतली कडी हळूच निघते." एवढ्यावर त्याने वही मिटली, कारण त्या दिवसाची वेळ संपली होती, आत कोण होते ते पुढच्या रविवारी कळणार होते.

खेळाचे सारे मर्म या एका प्रसंगात आले. संकल्प खेळाडूचा, योगायोग फाशाचा आणि परिणाम सूत्रधाराचा, अशा तीन धाग्यांनी एक कथा विणली जाते. तीत कोणी जिंकत नाही, कोणी हरत नाही, आणि ती महिनोन् महिने चालू राहते. मुले उठली तेव्हा पुतणीने मला विचारले, "काका, तुम्ही वकील ना? हॅस्ब्रो कंपनी हा खेळ विकणार, असं अधूनमधून कानावर येतं. खरंच विकला तर आमचं काय?" तिला त्या दिवशी मी थातुरमातुर उत्तर दिले. पुढे महिनाभर या मिळकतीचा पूर्वेतिहास, तिचा ताळेबंद आणि तिच्यावरील हक्क यांचा शोध घेतल्यावर जे मला समजले, ते येथे क्रमाने मांडतो.

या मिळकतीचा मूळ पुरुष गॅरी गायगॅक्स हा अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात लेक जिनीव्हा नावाच्या लहानशा गावात राहत असे. विमा कंपनीतील नोकरी सुटल्यावर पादत्राणे दुरुस्त करून तो संसार चालवी, आणि उरलेल्या वेळात लघुसैनिकांच्या साहाय्याने खेळावयाच्या युद्धक्रीडांचे नियम रची. मिनेसोटातील डेव्ह अर्नेसन या दुसऱ्या छांदिष्टाने अशाच एका युद्धक्रीडेत सैन्याऐवजी प्रत्येक खेळाडूला एकेका व्यक्तिरेखेची भूमिका दिली आणि तिला किल्ल्याखालच्या भुयारांत उतरविले. दोघांच्या कल्पनांच्या संयोगातून हा खेळ जन्मला. कोणी प्रकाशक पुढे येईना, तेव्हा १९७३ साली गायगॅक्सने डॉन के या बालमित्रासह 'टॅक्टिकल स्टडीज रूल्स' नावाची भागीदारी काढली, आणि जानेवारी १९७४ मध्ये तीन पुस्तिका घातलेली, लाकडाच्या रेषांचा कागद लावलेली एक पेटी दहा डॉलरांना विक्रीस ठेवली. पहिल्या आवृत्तीच्या प्रती अवघ्या एक हजार होत्या. विविध बाजूंचे फासे त्या वेळी खेळण्यांच्या दुकानांत मिळत नसत. शाळांना गणिताची साधने पुरविणाऱ्यांकडून ते मागवावे लागत. आज जिच्या विक्रीची चर्चा चालते ती मिळकत मुळात एवढीच होती.

त्यानंतर ही मिळकत हातोहात कशी फिरली, हे पाहण्यासारखे आहे. कारण एखादी वस्तू पुढे विकली जाईल की नाही याचा अंदाज करण्यास ती पूर्वी का विकली गेली याहून चांगला आधार नसतो. जानेवारी १९७५ मध्ये डॉन के हृदयविकाराने अकाली वारला आणि भागीदारीचे रूप बदलून टी.एस.आर. ही कंपनी उभी राहिली. नवे भांडवल घालणाऱ्या ब्लूम कुटुंबाचा हिस्सा कालांतराने गायगॅक्सच्या हिश्शाहून मोठा झाला. १९७९ साली अर्नेसनने मानधनासाठी कंपनीवर दावा केला आणि १९८१ मध्ये त्यात तडजोड झाली. १९८५ साली ब्लूम बंधूंनी आपले भाग लॉरेन विल्यम्स यांना विकले, गायगॅक्सने न्यायालयात दिलेली झुंज व्यर्थ गेली, आणि पुढल्या वर्षी ज्याने हा खेळ घडविला तोच आपल्या कंपनीबाहेर पडला. हे पहिले हस्तांतर भागधारकांच्या कलहातून झाले.

दुसरे हस्तांतर कर्जापोटी झाले, आणि त्याची हकीकत अधिक उद्बोधक आहे. टी.एस.आर.ने एकाच खेळासाठी अनेक कल्पित जगे निर्माण केली, आणि प्रत्येक जगासाठी नकाशे, ग्रंथ व पेट्या काढण्याचा सपाटा लावला. एका जगात रमलेला खेळाडू दुसऱ्या जगाचे पुस्तक सहसा घेत नाही. त्यामुळे पुस्तकांची संख्या वाढत गेली आणि प्रत्येक पुस्तकाचा खप घटत गेला. पुस्तके दुकानांत पोचविण्याचे काम रँडम हाउस ही मोठी प्रकाशनसंस्था करी, आणि न खपलेल्या प्रती परत पाठविण्याची मुभा तिला होती. त्या परत येऊ लागल्या तेव्हा आधी मिळालेले पैसे देणे होऊन बसले. छापखान्याची बाकी थकली, छपाई थांबली, आणि छपाई थांबल्यावर बाकी फेडण्याचे साधनही उरले नाही. या अवस्थेत १९९७ साली सिएटलजवळच्या 'विझर्ड्स ऑफ द कोस्ट' या तरुण कंपनीने टी.एस.आर. विकत घेतली. पीटर अॅडकिसन हे तिचे संस्थापक स्वतः हा खेळ खेळत वाढले होते, आणि रिचर्ड गारफिल्ड यांनी रचलेल्या 'मॅजिक: द गॅदरिंग' या पत्त्यांच्या खेळाने १९९३ पासून त्यांच्या तिजोरीत पैसा आणून ओतला होता.

दोनच वर्षांनी, १९९९ मध्ये, हॅस्ब्रोने सुमारे ३२ कोटी ५० लाख डॉलर देऊन विझर्ड्सच विकत घेतली. तेव्हा हॅस्ब्रोचे लक्ष पत्त्यांवर होते. विझर्ड्सने त्याच वर्षी अमेरिकेत आणलेल्या पोकेमॉनच्या पत्त्यांनी मुलांना वेड लावले होते. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' त्या व्यवहारात, वाड्याबरोबर परसातील विहीर जावी, तसा गेला. एका मालकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती जाताना हा खेळ केवळ त्याच्यासाठी, भरभराटीच्या काळात, स्वतंत्रपणे असा एकदाही विकला गेलेला नाही. कधी तो कलहात गेला, कधी कर्जात, आणि कधी मोठ्या मिळकतीच्या पोटात.

आता विद्यमान मालकाकडे वळू. हॅस्ब्रोची मुळे १९२३ मध्ये ऱ्होड आयलंड राज्यातील प्रॉव्हिडन्स येथे हासेनफेल्ड बंधूंनी काढलेल्या एका पेढीत आहेत. कापडाच्या चिंध्या विकता विकता त्यांनी कापड लावलेल्या पेन्सिलपेट्या केल्या, आणि पेन्सिलींवरून ते खेळण्यांवर आले. पुढे १९८४ मध्ये मिल्टन ब्रॅडली आणि १९९१ मध्ये टोंका, तिच्या मार्फत 'मोनॉपॉली'वाले पार्कर ब्रदर्स, अशी जुनी घराणी या कंपनीने एकामागून एक आपल्यात सामावून घेतली. नामांकित खेळ घ्यावेत आणि पिढ्यान् पिढ्या राखावेत, असा या घराण्याचा स्वभाव दिसतो. तथापि स्वभावापेक्षा जमाखर्च बलवत्तर असतो, म्हणून तोही पाहिला पाहिजे. २०२१ च्या ताळेबंदात विझर्ड्स आणि डिजिटल खेळांच्या विभागाचा महसूल हॅस्ब्रोच्या एकूण ६४२ कोटी डॉलरांच्या महसुलाच्या सुमारे पंचमांश होता. परंतु व्यवसायातून झालेल्या नफ्यात या विभागाचा वाटा दहांत सात भागांहून अधिक होता. 'दुभत्या गाईच्या लाथा गोड' ही आपली म्हण अशा विभागासाठीच असावी. मात्र एक खुलासा येथे आवश्यक आहे. या दुधाचा मोठा भाग 'मॅजिक'च्या पत्त्यांचा आहे. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'चे उत्पन्न कंपनी वेगळे दाखवीत नाही, आणि पत्त्यांच्या तुलनेत ते बरेच लहान आहे, याविषयी जाणकारांत दुमत नाही.

मग विक्रीची वदंता उठते तरी कोठून? तिची कारणे सबळ आहेत. २०१९ च्या अखेरीस हॅस्ब्रोने एंटरटेनमेंट वन ही चित्रपट व दूरचित्रवाणीची कंपनी सुमारे चार अब्ज डॉलरांना घेतली, आणि चारच वर्षांनी, लहान मुलांची 'पेपा पिग' वगैरे नावे आपल्याकडे राखून, तिचा चित्रपट-दूरचित्रवाणीचा कारभार ३७ कोटी ५० लाख डॉलर रोख व काही कर्जाची जबाबदारी एवढ्यावर लायन्सगेटला देऊन टाकला. २०२३ साली कंपनीला सुमारे दीड अब्ज डॉलरांचा तोटा झाला. त्यात या फसलेल्या खरेदीचे मूल्य कमी करून लिहिल्याचा वाटा मोठा होता. त्या एका वर्षात दोन वेळा मिळून सुमारे दोन हजार नोकऱ्या कमी करण्याचे जाहीर झाले, आणि दुसरी घोषणा नाताळच्या तोंडावर, डिसेंबरात झाली. ज्यांच्या लेखणीने आणि कुंचल्याने या खेळाची जगे उभी राहिली त्यांपैकी काहींनाही निरोप मिळाला. ज्या खेळाने त्या वर्षी यश पाहिले होते त्याच्या कारागिरांवर अशी पाळी यावी, ही गोष्ट मला अजूनही टोचते. या पार्श्वभूमीवर जानेवारी २०२४ मध्ये चीनमधील टेन्सेंट ही बलाढ्य कंपनी हा खेळ विकत घेणार अशी बातमी आली. हॅस्ब्रोने भागीदारांशी बोलणी नेहमीच चालतात हे मान्य केले, परंतु हा खेळ विकण्याचा आपला विचार नाही, असा स्पष्ट इन्कार केला.

याआधी, २०२२ मध्ये, ऑल्टा फॉक्स नावाच्या एका गुंतवणूकदार पेढीने वेगळाच मार्ग सुचविला होता. विझर्ड्स हा संपूर्ण विभाग हॅस्ब्रोपासून तोडून त्याची स्वतंत्र कंपनी करावी, म्हणजे त्याचे खरे मोल बाजाराला दिसेल, असे तिचे म्हणणे होते. प्रकरण भागधारकांच्या मतदानापर्यंत गेले आणि जूनमध्ये विद्यमान संचालकच निवडून आले. विझर्ड्सचे पूर्वीचे अध्यक्ष ख्रिस कॉक्स हे त्याच वर्षी हॅस्ब्रोचे मुख्याधिकारी झाले होते, हेही ध्यानात ठेवावे. ज्या विभागातून मालकाचा कारभारी आला तो विभाग सहजासहजी परक्याच्या दारी जात नसतो.

आता विक्रीच्या विरुद्ध बाजूची कारणे पाहू. पहिले कारण कराचे. फार पूर्वी स्वस्तात घेतलेली वस्तू आज मोठ्या किमतीस विकली, तर वाढीव रकमेवर अमेरिकेतील कंपनीला २१ टक्के केंद्रीय कर द्यावा लागतो. उलट एखादा विभाग भागधारकांनाच वाटून स्वतंत्र केला, तर ठराविक अटी पाळून हा कर टाळता येतो. म्हणजे कायद्याचा कलच असा आहे की तुकडा विकण्यापेक्षा मोठा विभाग अलग करणे परवडते. दुसरे कारण गुंतागुंतीचे. एकाच छताखाली राहून पत्त्यांचा खेळ आणि हा खेळ एकमेकांच्या अंगणात शिरले आहेत. २०२१ साली 'मॅजिक'च्या पत्त्यांचा एक संपूर्ण संच 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या फरगॉटन रेल्म्स या कल्पित भूमीवर बेतलेला होता. एकत्र कुटुंबाच्या घरात मधोमध भिंत घालताना चूल कोणाकडे आणि जिना कोणाकडे, हा तंटा होतो, तसाच तो येथे होईल. शिवाय २०२२ मध्ये हॅस्ब्रोने 'डी अँड डी बियाँड' हे खेळाडूंच्या नोंदी ठेवणारे डिजिटल दालन, त्याच्या सुमारे एक कोटी नोंदणीकृत खेळाडूंसह, १४ कोटी ६३ लाख डॉलरांना खरेदी केले. शेत विकायचे मनात असलेला मालक सहसा नवी विहीर खणत नाही.

तिसरे कारण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते, आणि ते आपल्या खेड्यापाड्यांतील जमीनदाराला समजावून सांगावे लागणार नाही. जमीन विकली की पैसा एकदाच येतो. मक्त्याने दिली की जमीनही राहते आणि खंडही येत राहतो. ऑगस्ट २०२३ मध्ये बेल्जियममधील लॅरियन या संस्थेने, हॅस्ब्रोकडून परवाना घेऊन, 'बाल्डर्स गेट ३' हा संगणकीय खेळ पूर्णत्वाने प्रसिद्ध केला आणि त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट खेळ म्हणून त्याचा गौरव झाला. कित्येक वर्षांचे श्रम लॅरियनचे, भांडवल लॅरियनचे, जोखीम लॅरियनची; हॅस्ब्रोने केवळ नाव, भूमी आणि नियम वापरू दिले, आणि तिच्या पदरात परवान्याची मोठी रक्कम पडली. ज्या मालकाने एकदा असा खंड चाखला तो मूळ जमीन विकील, असे मानणे कठीण आहे.

त्यातही ही जमीन तुकड्यांनी दिल्याचा चटका या घराण्याने दोनदा सोसलेला आहे. २००१ च्या आरंभी हॅस्ब्रोने आपला संगणकीय खेळांचा विभाग इन्फोग्राम्स या फ्रेंच कंपनीला विकला, आणि त्याबरोबर 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'वर संगणकीय खेळ काढण्याचे हक्कही गेले. ही कंपनी पुढे अटारी या नावाने ओळखली गेली. २००५ मध्ये हॅस्ब्रोने बाकीच्या अनेक खेळांचे हक्क परत विकत घेतले, परंतु या खेळाचा मक्ता अटारीकडेच राहिला. २००९ मध्ये दावा दाखल करावा लागला, आणि २०११ च्या तडजोडीनंतर ते हक्क स्वगृही आले. चित्रपटाची कथा अशीच आहे. टी.एस.आर.च्या काळी दिलेल्या चित्रपटहक्कांवरून २०१३ मध्ये खटला उभा राहिला आणि तो २०१५ मध्ये मिटला. मगच २०२३ चा चित्रपट शक्य झाला. कागदाच्या एका कलमाने दिलेला हक्क परत मिळविण्यास दहा-दहा वर्षे लागतात, हा धडा ज्या कंपनीच्या दप्तरात दोनदा नोंदला गेला आहे, ती समग्र मिळकतीच्या खरेदीखतावर सही करताना दहादा विचार करील.

खरेदीदाराच्या हातीही सुख लागेलच असे नाही. 'व्हँपायर: द मास्करेड' या अशाच कथाक्रीडेची मालक व्हाइट वुल्फ ही कंपनी २००६ साली आइसलंडमधील सी.सी.पी. या संगणकीय खेळांच्या कंपनीत विलीन झाली. त्या जगावर आधारलेला एक अवाढव्य ऑनलाइन खेळ काढावा, हा त्यामागील हेतू. आठ वर्षांनी, २०१४ मध्ये, तो खेळ जन्मण्यापूर्वीच रद्द झाला, आणि २०१५ मध्ये ती मिळकत स्वीडनच्या पॅराडॉक्स या कंपनीकडे गेली. या साऱ्या काळात टेबलाभोवती बसून तो खेळ खेळणारे खेळतच राहिले. हुकले ते केवळ मालकांचे मनोरथ.

आणि येथेच मला त्या खरेदीखतातील चतुःसीमांची आठवण झाली. उद्या हॅस्ब्रोने हा खेळ विकायचाच ठरविला, तर दस्तात मिळकतीचे वर्णन काय करावयाचे? अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकोणिसाव्या शतकात बेकर विरुद्ध सेल्डन या खटल्यात असा निवाडा दिला की जमाखर्च ठेवण्याची एखादी पद्धत ज्या पुस्तकात सांगितली आहे त्या पुस्तकाचे स्वामित्व लेखकाचे असले, तरी ती पद्धत वापरण्यास सर्व जग मोकळे आहे. याच तत्त्वाने खेळाचे नियम कसे सांगितले ते शब्द मालकाचे ठरतात. नियम मात्र कोणाचेच ठरत नाहीत. तेव्हा दस्तात नाव येईल, बोधचिन्ह येईल, जुन्या ग्रंथांची संहिता आणि चित्रे येतील, फरगॉटन रेल्म्ससारख्या भूमी येतील, अनेक डोळ्यांचा 'बिहोल्डर' आणि मेंदू खाणारा 'माइंड फ्लेअर' यांसारखे खास प्राणी येतील, परवान्यांचे करार येतील. खेळण्याची रीत येणार नाही.

इतकेच नव्हे, तर या मिळकतीतून एक सार्वजनिक वाट गेलेली आहे, आणि ती मालकाने स्वतःच मोकळी ठेवली आहे. २००० साली विझर्ड्सने आपल्या नियमांचा मोठा भाग एका खुल्या परवान्याखाली सर्वांना वापरण्यास दिला. त्या वाटेवर शेकडो लहान प्रकाशकांनी आपली दुकाने थाटली, आणि पायझो या संस्थेने २००९ मध्ये त्याच नियमांवर 'पाथफाइंडर' हा प्रतिस्पर्धी खेळ उभा केला. जानेवारी २०२३ मध्ये मालकाने ही वाट बंद करण्याचा विचार चालविला असल्याचे एका बाहेर फुटलेल्या मसुद्यावरून कळले: जुना परवाना रद्दबातल ठरवावा, आणि वर्षाला साडेसात लाख डॉलरांहून अधिक उत्पन्न असणाऱ्या प्रकाशकाने वरच्या रकमेचा चतुर्थांश द्यावा, अशी त्यातील योजना होती. खेळाडूंत असा क्षोभ उसळला, आणि 'डी अँड डी बियाँड'ची वर्गणी बंद करणाऱ्यांची अशी रांग लागली, की तीन आठवड्यांत मालकाला माघार घ्यावी लागली. २७ जानेवारी २०२३ रोजी सुमारे चारशे पानांचा मूलभूत नियमग्रंथ क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्याखाली, केवळ मूळ कर्त्याचा उल्लेख करण्याच्या अटीवर, अखिल जगाला देण्यात आला. आणि हे दान परत घेता येत नाही. सातबाराच्या उताऱ्यावर 'इतर हक्क' या रकान्यात वहिवाटीच्या रस्त्याची नोंद झाली की जमीन कितीही वेळा विकली गेली तरी रस्ता राहतो, तसे हे झाले. मालक बदलला तरी नव्या मालकाला ही वाट नांगरता येणार नाही.

तेव्हा पुतणीच्या प्रश्नाचे उत्तर मी असे देतो. एकट्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'ची विक्री मला नजीकच्या काळात संभवनीय वाटत नाही. मक्त्याचे उत्पन्न, कराचा बोजा, घरातील गुंतागुंत आणि पूर्वीचा कटू अनुभव हे चारही साक्षीदार एकच जबानी देतात. ही मिळकत हलेल तर ती पूर्वीसारखीच हलेल: विझर्ड्सचा संपूर्ण विभाग अलग झाला तर त्याच्याबरोबर, किंवा हॅस्ब्रोच कोणी घेतली तर तिच्या पोटातून. ही दुसरी शक्यता निव्वळ कल्पनेतील नव्हे. १९९६ साली मॅटेल या प्रतिस्पर्धी कंपनीने पाच अब्ज डॉलरांहून अधिक रकमेचा विलीनीकरणाचा प्रस्ताव हॅस्ब्रोपुढे ठेवला होता, आणि विरोध पाहून काही दिवसांत मागे घेतला होता. तिसरी वाट कर्जबाजारीपणाची. तिचा इतिहास टी.एस.आर.ने लिहून ठेवलेला आहे, आणि कोणत्याही कंपनीने तो विसरू नये.

परंतु मालक कोण, या प्रश्नाहून मला मालक कसा वागेल, हा प्रश्न अधिक जिव्हाळ्याचा वाटतो. मालकी न बदलताच २०२३ च्या जानेवारीत वाट बंद होण्याची वेळ आली होती, आणि मालकी न बदलताच त्या डिसेंबरात कारागीर बाहेर पडले. म्हणून खेळावर माया करणाऱ्यांनी विक्रीच्या बातम्यांकडे कान लावण्यापेक्षा दोन गोष्टींकडे लक्ष ठेवावे: मोकळी वाट मोकळी राहते की नाही, आणि खेळ लिहिणाऱ्या-रेखाटणाऱ्या हातांना त्यांच्या कामाचा सन्मान मिळतो की नाही. या दोन्ही राहिल्या, तर दस्तावर नाव कोणाचे, याने फारसे बिघडत नाही.

हे सारे मी पुतणीला सांगितले तेव्हा तिने टेबलावरचे ते स्पायरल बांधणीचे बाड माझ्यापुढे सरकविले. पहिल्या पानावर क्रिएटिव्ह कॉमन्सचा उल्लेख होता. ते नियम म्हणजे तीच चारशे पाने, जी आता कोणालाही विकून टाकता येत नाहीत. समासांत पेन्सिलीने मराठीत टिपणे केलेली होती. आणि पडक्या बुरुजात दिव्यापाशी बसून कोण रडत होते, हे त्या बाडात कोठेच लिहिलेले नव्हते. ते होते त्या पाचव्या मुलाच्या वहीत, पुठ्ठ्याच्या आडोशामागे. जुन्या खरेदीखतांत जमिनीच्या पोटातील अज्ञात ठेव्याला निक्षेप म्हणतात आणि तोही खरेदीदाराला देऊन टाकतात. या मिळकतीचा निक्षेप मात्र तिच्या चतुःसीमांबाहेर, अशा असंख्य वह्यांत, ज्याच्या त्याच्या स्वाधीन आहे.